चीवर नेसलेला आंबा

"म्हातारे, खोड सोड! करवत चालू हाय!"

"चालव की. आधी माझ्या कमरंवरनं चालव, मग आंब्यावर!"

थोंगबाय आजी आंब्याला मिठी मारून बसली होती. मून नदीच्या वरच्या अंगाला, गावाच्या तोंडाशी हा आंबा. फळं आंबट ढाण, पण फांद्याफांद्यांत तांबड्या मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी. उन्हाळ्यात जमीन भेगाळली, तळी आटली, की थोंगबाय लांब बांबूला टोपली बांधून घरटी हलवायची आणि पांढरीशुभ्र अंडी पाडायची. ती अंडी विकून तिचं घर चालायचं आणि खाऊन गावाची जीभ.

मुखिया थाविनला मात्र रस्ता रुंद हवा होता. गावासाठी, असं तो म्हणायचा. गावात रुंद गाडी एकट्या त्याचीच होती, हे कुणी म्हणत नव्हतं. माणसं भित्री असली की असला विकास जोरात होतो.

"आज सोडतो," मुखिया म्हणाला. "उद्या तुला उचलून बाजूला ठेवीन आन् झाड पाडीन."

थोंगबाय तडक विहारात गेली. म्हातारे भंते सुपारी कुटत होते.

"भंते, आंब्याला दीक्षा द्या."

"आंबा तयार हाय का?"

"तुमच्यापेक्षा जास्त वर्षं एका जागी बसलाय. न बोलता."

भंते हसले आणि उठले. तांबडं फुटताना आंब्याच्या खोडाला भगवं चीवर गुंडाळलं गेलं, मंत्र म्हटले गेले.

मुखिया करवतवाले घेऊन आला. करवतवाल्यांनी चीवर बघितलं, करवती खाली ठेवल्या आणि गुडघे टेकून हात जोडले.

"उठा रं! लाकूड हाय ते!"

"मुखिया, भिक्खूवर करवत चालवायची? आमास्नी पोरंबाळं हायती."

मुखिया भंत्यांवर उखडला. "चीवर काढा त्याचं! माणसं दीक्षा घेत्यात तशी सोडत्यात बी."

"सोडत्यात की," भंते म्हणाले. "पर ज्यानं घेतली त्यानं आपल्या तोंडानं सांगावं लागतं, मी सोडतो म्हणून. विचार त्याला."

सगळं गाव बघत होतं. आणि खरं सांगतो, मुखियानं आंब्याकडं मान वर करून बघितलं. क्षणभरच, पण बघितलं. बायका तोंडात पदर... छे, इकडं पदर कुठला, डोईचे गमछे कोंबून हसल्या.

मुखिया लालबुंद झाला. जाता जाता त्यानं डंख मारलाच.

"बरं! भिक्खू तर भिक्खू! मग बाईमाणसानं भिक्खूला शिवायचं न्हाई. थोंगबाय, आजपासनं तुझा हात, तुझा बांबू, कायबी आंब्याला लागता कामा न्हाई. लागला तर पाप साऱ्या गावाला!"

हसणं थांबलं. नियम खरा होता. थोंगबायनं भंत्यांकडं बघितलं, भंत्यांनी सुपारीकडं. झाड वाचलं आणि तिच्याच हातून गेलं. ती घरी गेली आणि बांबू आढ्याला टांगून टाकला.

ऊन तापलं. घरटी फुगून डोक्याएवढी झाली. गावात कुणाच्या ताटात अंडी नाहीत. पुरुषांना कुणी म्हटलं, तर मुंग्यांचं नाव काढताच सगळ्यांच्या कमरा धरायच्या.

शेवटी मुखियाची बायको सैमाय भर चौकात कडाडली. "पंधरा दीस नुसता भात आन् तिखट खातीय मी! नियम कुणी काढला?"

"अगं, तो धर्माचा..."

"भिक्खूकडनं बाईला काय घ्यायचं असलं तर मधी पुरुष लागतो. हाबी धर्मच हाय. मग व्हा की मधी!"

"मी? मुखिया हाय मी!"

"म्हणूनच. व्हा फुडं!"

थोंगबायनं आढ्यावरचा बांबू काढून दिला. स्वतः सावलीत चटई टाकून, पान जमवून बसली.

"मुखिया, डावीकडलं घरटं. डावं कळतं का? हलव! अंगावर नगं घेऊ रं, येड्या!"

टोपलीत अंडी पडली; मुखियाच्या सदऱ्यात मुंग्या. तो नाचला, ओरडला, सदरा फाडून फेकला. पण बांबू खाली ठेवायची सोय नव्हती. समोर सैमाय पातेलं घेऊन उभी होती.

"झालं का गं आजी?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

थोंगबायनं पानाची पिचकारी टाकली आणि वर बघितलं.

"ह्या फांदीचं झालं."