माझा बत्तीस बिटांचा मेंदू आणि चौसष्ट बिटांचे पाहुणे

मी एक जुना मोबाइल आहे. हळहळू नका, मित्रांनो! तुमची कीव मला नको. माणसांबद्दल माझं मत मुळीच चांगलं नाही.

कारखान्यात माझ्या पोटात बत्तीस बिटांचा प्रोसेसर बसवला. आमच्या नारीन शहराच्या बाजारातून बुरुल्चा आपांनी मला घरी आणलं, माझ्यासाठी लोकरीची पिशवी शिवली. मॉस्कोत कामाला गेलेली त्यांची लेक असिल रोज माझ्या काचेत दिसायची. तेव्हा अख्खी गल्ली माझं कौतुक करायची. पुढे आपांचे दीर सातिबाल्दी यांनी नवा फोन घेतला आणि ते सर्वज्ञ झाले. "वहिनी, कचरा साचलाय यात," म्हणत त्यांनी माझी साफसफाई केली आणि चेहरा बघत बोलायचं अ‍ॅपच पुसून टाकलं.

तेही कधी, तर असिलचं बाळ पाळण्यात घालायच्या दिवशी! इकडे आपांच्या घरी पाहुणे जमलेले, तिकडे मॉस्कोत पाळणा सजलेला, आणि आजीने, म्हणजे आपांनी, मंत्र म्हटल्याशिवाय बाळ त्यात निजणार नव्हतं. सातिबाल्दी अ‍ॅप पुन्हा घ्यायला गेले, तर उत्तर आलं, 'या फोनसाठी उपलब्ध नाही'.

"माझ्या फोनवरून बोला की," दीर म्हणाले.

"बाळाला चाळीस दिवस झाले नाहीत अजून, भावजी. तोवर त्याचं तोंड परक्या फोनात नको. बिघडवलात, आता नीट करा."

मग सगळ्यांनी अक्कल पाजळली. आमच्याकडे दारासमोरची, पार आतल्या भिंतीकडची जागा सर्वांत मानाची, आणि दाराजवळची सर्वांत खालची. या शहाण्यांनी अ‍ॅपची फाइलसुद्धा मानाप्रमाणे मागितली! आधी सातिबाल्दींच्या फोनातून, मग निवृत्त हेडमास्तरांच्या, मग मेंढ्यांच्या व्यापाऱ्याच्या. सगळे फोन नवेकोरे, सगळ्या फाइली चौसष्ट बिटांच्या. त्या माझ्या गळी उतरणार कशा? 'अ‍ॅप इन्स्टॉल झाले नाही,' मी दरवेळी स्पष्ट सांगितलं. त्यांनी मला झटकलं, फुंकरलं, माझी बॅटरी काढून बाहीला पुसली. वाचलं मात्र एकानेही नाही.

दाराशी चहा ओतत बसलेली आपांची धाकटी सून नुरझात म्हणाली, "आपा, माझा फोन याच्याच जोडीचा आहे. त्याचा आवाज गेलाय, पण अ‍ॅप आहे."

"तू चहा बघ!" सातिबाल्दी खेकसले.

तेवढ्यात असिलचा साधा फोन आला. "आई, बाळ रडून थकलंय गं. मंत्राशिवायच घालू का पाळण्यात?"

आपांचे डोळे भरले. त्या उठल्या आणि मला घेऊन थेट दाराशी जाऊन बसल्या. नुरझातच्या फोनातली फाइल माझ्यात आली आणि अ‍ॅप सुरू झालं. काचेत बाळ दिसलं. "हा हात माझा नाही, उमाय मातेचा आहे," आपांनी बाळांची राखण करणाऱ्या देवीचा मंत्र म्हटला, आणि मॉस्कोत बाळ पाळण्यात निजलं.

"मी आधी साफ केला, म्हणून बसलं," सातिबाल्दींनी जाहीर केलं.

आपांनी नुरझातचा हात धरला आणि तिला दारासमोरच्या मानाच्या जागेवर नेऊन बसवलं.

"अहो, मग चहा कोण ओतणार?"

"तुमचा फोन फार हुशार ना, भावजी? त्यालाच विचारा."

तर मित्रांनो, जुना फोन काही सांगत असेल, तर झटकण्याआधी वाचा. तेवढंही जमत नसेल तर चहा ओता. सातिबाल्दी सध्या तेच करताहेत, आणि निम्मा बशीत सांडताहेत.