समाधीला पाणी

लातूर जिल्हा होऊन महिनाही झाला नव्हता. कचेरीवर नवीकोरी पाटी लागली होती, आणि उदगीरकडची जमीन मात्र श्रावण सरत आला तरी ठणठणीत कोरडी. अशा दिवसांत प्राध्यापक गुरुपादप्पा खिशात वही घालून आपल्या गावी उतरले.

बहीण शिवकांतानं सांगावा धाडला होता: गाव अव्वाच्या समाधीला भोक पाडणार आहे, येऊन थांबवा. त्यांची आई नीलम्मा तीन वर्षांपूर्वी वारली. तिच्या अंगावर कोड होतं. असं माणूस पुरलं की मातीला तहान लागते आणि ती आभाळातला पाऊस ओढून घेते, ही गावाची समजूत. उपाय एकच, पुरलेल्याला पोटभर पाणी पाजायचं.

गुरुपादप्पा कॉलेजात निसर्गवादी साहित्य शिकवत, आणि शिकवता शिकवता स्वतःच त्याच्या पुरते आहारी गेले होते. निसर्गाला ना राग, ना दया. माणूस रक्तानं आणि परिस्थितीनं घडतो. लेखकानं मध्ये पडू नये, डॉक्टरासारखं बघावं आणि लिहावं. मुलं माना डोलवायची, कारण परीक्षेत तेच यायचं. अशा माणसाकडे ही तर आयती चालून आलेली कादंबरीच.

"अण्णा, तुमी बोललाव तर ऐकतेत लोकं," शिवकांता काकुळतीला आली. "अव्वाची इटंबना होऊ देऊ नगा."

"मी मध्ये पडलो तर ते खरं राहणार नाही, शिवकांता. मी फक्त बघणार."



भर दुपारी लोक जमले. टँकरचं पाणी दोन दिवसांआड मिळणारी ही माणसं घरातली प्यायची घागर घेऊन आली होती. म्हाताऱ्या चन्नबसप्पानं पहारीनं भोक पाडलं. त्यांच्यात मेलेल्याला बसवून पुरण्याची रीत, त्यामुळे आत पोकळी असणार हे गुरुपादप्पांना ठाऊक होतं. तरी पहिली घागर ओतल्यावर आतून जो आवाज आला, त्यानं त्यांच्या अंगावर काटा आला. घटाघटा, तहानेलं माणूस पितं तसा, मध्येच दम घ्यायला थांबून.

"पी माय, पोटभर पी," चन्नबसप्पा म्हणाला. तो मायेनं बोलत होता, हेच भयंकर होतं. घागरीमागून घागर गेली, भोक काही भरेना. गुरुपादप्पा तो आवाजसुद्धा लिहून घेत होते. आपल्या आईचं पिणं टिपताना त्यांना लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हता.

शेवटची घागर शिवकांताची. तिनं ती रडत रडत रिकामी केली, आणि आत एकदम शांत झालं. सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ होतं तसंच होतं.

पदरानं डोळे पुसत ती भावाजवळ आली आणि थबकली. त्यांच्या तोंडाकडे निरखून बघू लागली.

"अण्णा, ओठाच्या कडंला हे पांढरं कवापासून हाय?"

"उन्हानं सोललंय."

"अव्वाला बी तिथूनच सुरू झालतं." तिनं आवाज खाली आणला. "मरायला गावात येऊ नगा अण्णा. मला एकटीला न्हाई थांबवता यायचं ह्यांना."

गुरुपादप्पांनी वर पाहिलं. चन्नबसप्पा पहारीवर हात टेकून उभा होता आणि त्यांच्या ओठाकडे नुसता बघत होता.