मागल्या खोलीची पांढरी फरशी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ही वही कधी कोणी उघडली तर तेवढं सांभाळून घ्यावं. मला फक्त ह्यांच्या बोटाचा आवाज लिहून ठेवायचा आहे.

कारखान्यात तोफगोळ्यांची रिकामी कवचं ह्यांच्यासमोरून सरकत. प्रत्येकावर लहान हातोडी मारून हे कान देत. खणखणीत वाजलं की पुढे, बद्द वाजलं की बाजूला. ती सवय त्यांच्यामागे घरी यायची. माठ, नारळ, नवं पातेलं, सगळ्यावर त्यांच्या बोटाचं पेर वाजे. लढाईच्या दिवसांत ते जादा पाळी करून परतत, तेव्हा अंगाला तेलाचा वास असे आणि मान एका बाजूला कललेली, जणू अजून काही ऐकत आहेत.

त्या जादा पाळीच्या पैशांतून महाराजपूरला आम्ही मोडकं घर घेतलं, तेव्हा त्यांनी भिंतीही अशाच वाजवून पाहिल्या. "भिंती पक्क्या आहेत. छप्पर होईल हळूहळू." कमी पडले ते पैसे नागपूरच्या माझ्या दादानं दिले. वहिनीनं पत्रात लिहिलं, "घर घेतलं म्हणे! छप्पर पुढच्या लढाईत घेणार का?" हे हसले, पण त्या दिवशी अर्धंच जेवले.

मागल्या खोलीत शेणानं सारवताना एकदा माझ्या नखाला गार काही लागलं. वर्षानुवर्षांच्या सारवणाचे पोपडे मी उलथण्यानं खरवडले. खाली संगमरवर होता! पूर्वी इथे भेडाघाटचा एक मूर्तिकार राहत असे. कोपरे उडालेल्या लाद्या त्यानं स्वतःसाठी बसवल्या असाव्यात. हे गुडघ्यांवर बसले, पेर वाजवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! महालात राहून राहिलो की आपण!" त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

खिडक्यांना ब्लॅकआउटचा काळा कागद होता, तरी संध्याकाळी दाराच्या फटीतून येणारा उजेड त्या फरशीवर दुधासारखा सांडायचा. एका लादीत नर्मदेसारखी वळलेली हिरवी शीर होती. दुपारी मी तिच्यावर गाल टेकून पडे. जगात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती, पण हे मी त्यांना कधी बोलले नाही.

वैशाखात मी भाच्याच्या मुंजीला नागपूरला गेले. परतले तर त्या खोलीत नुसती माती होती, नुकतीच चोपलेली, ओली. हे दारात उभे होते.

"काहून गप्प झाली? ग्वारीघाटावर नवं मंदिर बांधून राहिले, त्यांना पाहिजे होती. देवाच्या पायाशी गेली. आता दादाचे पैसे फिटतील, वहिनीचं तोंड बंद."

"मला विचारलं नाही."

"तू कधी कशाला नाही म्हणाली, सांग बरं?"

त्यांनी हे अगदी साधेपणानं विचारलं. त्या साधेपणाचाच घाव बसला. लोखंडातली केसाएवढी चीर ज्यांना ऐकू येई, त्यांनी माझं गप्प राहणं होकार म्हणून पुढे सरकवलं होतं.

पुढे मी नर्मदेच्या घाटावर त्या मंदिरात गेले. हिरवी शीर यात्रेकरूंच्या ओल्या पावलांखाली चमकत होती. मी तिला पाय लावला नाही, कडेनं गेले.

आता हे नाहीत. उन्हाळ्याच्या दुपारी कारखान्याचा भोंगा होतो आणि माझी मान आपोआप एका बाजूला कलते. मातीवर पेर वाजवून पाहते. माती काही बोलत नाही. किती वर्षं झाली, पण गालाला तो गारवा अजून आठवतो. पेटीत दादाचं पिवळं पडलेलं कार्ड आहे: "जावईबुवांनी पाठवलेले पैसे पोचले. सगळे फिटले, आता काही बाकी नाही."