पोह्यांचा मलिदा

हॉलमध्ये सतरंजी एक, पाट सात, विंडो एसी एक, पुठ्ठ्यावर रंगवलेली हिब्रू अक्षरं बावीस आणि मुलं सहा होती. सातवा पाट माझा. १९७४ साली याच हॉलमध्ये मी मुलांच्या ओळीत बसले होते. आता, १९८३ च्या जुलैत, मुंबईहून बी.एस्सी. करून आल्यावर त्यांच्यासमोर बसत होते.

दोह्याच्या अल हिलाल भागातल्या शेगुल्लामावशींच्या या फ्लॅटला आम्ही ‘कॅम्प’ म्हणायचो. मुंबईची आमची भावंडं सुट्टीत खंडाळ्याला ज्यू मुलांच्या कॅम्पला जाऊन तंबूत झोपत. दोह्यातल्या चार बेने इस्रायल, म्हणजे कोकणी ज्यू, घरांना ते परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून शाळेला सुट्टी लागली की दोन आठवडे इथे जमायचं. प्रार्थना, अक्षरं, मग कॅरम. बाहेर मात्र गणिताची शिकवणी म्हणून सांगायचं. आडनावं किहीमकर, चेऊलकर. लोक आम्हाला हिंदू समजत आणि आम्ही समजू देत असू. मावशी बाहेर शोभाबाई होत्या. खरं कळलं तर व्हिसा जाईल, असं बाबा ठामपणे म्हणत.

लहानपणी हे लपवणं मला कॅम्पमधला एक खेळ वाटे. आता तो शिकवायचं काम माझं होतं.

“बट व्हॉट इफ दे आस्क विच सम्स?” आठ वर्षांच्या रीनाने विचारलं.

“सांग, अपूर्णांक.”

“आय डोन्ट नो अपूर्णांक.”

“दॅट्स व्हाय यू गो टू ट्यूशन,” तिचा भाऊ म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पहिल्या गुरुवारी मावशींनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर फळं. आशीर्वाद म्हणून झाले, मुलांनी खाल्लं आणि मावशींनी सवयीने एक ताटली भरून रीनाबरोबर शेजारी पाठवली. गोडधोड केलं की शेजारी द्यायचं, हे अलिबागचं वळण दोह्यातही सुटलं नव्हतं.

थोड्या वेळाने शेजारच्या ताहेरुन्निसाभाभी ताटलीत खजूर घालून आल्या. त्या मूळच्या रेवदंड्याच्या.

“शोभाबाई, मलिदा छान झालाय.”

“मलिदा कसला, गोड पोहे केले मुलांना.”

“आमचा मलिदा चपातीचा. पोह्यांचा कोण करतात ते मला ठाऊक आहे. आमच्या आळीत तुमच्यातले तेली होते, शनवारी घाणा बंद ठेवायचे.”

मावशींनी ताटली घेतली, पण आत या म्हणाल्या नाहीत.

“घाबरू नका. मी मागल्या वर्षापासून ऐकते आहे. गणित असं सुरात कोण म्हणतं?” त्या खाली बसल्या. “सांगायला आले ते वेगळंच. शनवारी आम्ही अल सद्दला राहायला जातोय. आमच्या जागेत किहीमकरांच्या कंपनीतला पर्सोनेलचा साहेब येतोय.”

किहीमकर म्हणजे माझे बाबा. त्यांचा व्हिसा दरवर्षी त्याच साहेबाच्या टेबलावरून जात असे.

“खलास,” मावशी म्हणाल्या. “उद्यापासून बंद. मुलं घरी बसू देत.”

“घरी कोण शिकवणार त्यांना?” मी म्हणाले. “आधी ऐकू किती जातं ते बघू. भाभी, तुमच्याकडे येऊ?”

“ये. पण कान त्या साहेबालाही आहेत, आणि माझ्यासारखा तो गप्प बसणार नाही.”

मी मुलांना भिंतीपासून लांब, घरघरणाऱ्या एसीखाली बसवलं. मधल्या भिंतीला कपाट लावलं. नेहमीची प्रार्थना कुजबुजत म्हणायला सांगितली आणि मावशींचा शिवणाचा टेप घेऊन शेजारी गेले.

भाभींच्या खोलीत त्या भिंतीला लागून पलंग होता.

“दुसरीकडे हलवता येतो का हा?” मी विचारलं.

“एका बाजूला दार, एका बाजूला खिडकी. आम्ही सगळं करून पाहिलं. पलंग इथेच मावतो.”

मी पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली आणि भिंतीकडे सरकत गेले. सहा फुटांवर काहीच ऐकू आलं नाही. चार फुटांवर मुलांचे आवाज आहेत एवढं कळलं. दोन फुटांवर, शनवारपासून जिथे साहेबाचं डोकं असणार होतं त्या उशीपाशी, प्रार्थनेतला प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता.