पेटीचा खालचा कप्पा

उस्तादांच्या कमरेचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. मणक्यातली सरकलेली गादी डॉक्टरांनी ठीकठाक केली, पायातली जीवघेणी कळ गेली. मागे राहिली ती डाव्या पायाच्या करंगळीतली थोडी बधिरता आणि भीती. बधिरतेची त्यांना सवय झाली. भीतीला मात्र त्यांनी घरजावयासारखं पोसलं होतं.

नळाच्या कामात उस्तादांचा हात धरणारा कुणी नव्हता. एके काळी अवजारांची लोखंडी पेटी ते कमरेत वाकून एका झटक्यात खांद्यावर घ्यायचे आणि बघणाऱ्यांकडे बघत मिशीत हसायचे. त्याच मस्तीने कंबर घालवली. आता पेटीच्या वरच्या ट्रेमध्ये पक्कड, छोटा पाना, टेप आणि वायसर एवढंच असायचं. खालचा कप्पा रिकामा ठेवायची बायकोला सक्त ताकीद होती. पेटी तीच भरायची, कारण सकाळी साहेब चटईवर उताणे पडून कंबर उचलण्याचा व्यायाम करत असायचे.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम दोघांसमोर म्हणाल्या होत्या, "आता वजन वाढवा, थोडं थोडं. फक्त वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही." गुडघ्यात वाकायला उस्ताद शिकले, वजनाचा विषय निघाला की कानात बोळे घालायचे. शेवटी त्यांनी ठरवूनच टाकलं, की एक तारखेपासून मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायचं. बायको आपली रोजच्यासारखी पेटी भरत राहिली.

शेवटचं काम म्हणून ते मास्तरीणबाईंकडे तिसऱ्या मजल्यावर गेले. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. नळाला हात लावला मात्र, मागचा जुना जोड सुटला आणि पाणी उसळून बाहेर आलं. बंद करायचा वॉल्व्ह गंजून घट्ट बसलेला. उस्तादांनी जोडावर तळहात दाबून धरला.

"मोठा पाना लागेल, बाई. तो घरी आहे. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पेटीत बघते."

"खाली काही नाही हो."

पण बाईंनी आयुष्यात कुणाचं 'नाही' तपासल्याशिवाय मानलं नव्हतं. त्यांनी ट्रे उचलला. खाली जुन्या टॉवेलच्या तुकड्यांत गुंडाळलेली हातोडी, करवत आणि तळाशी मोठा पाना.

"मग हे काय आहे?"

टॉवेल उस्तादांच्या ओळखीचा होता. अवजारं वाजू नयेत म्हणून गुंडाळलेली! एकेक करून, महिनोन् महिने बायकोने पेटी भरत नेली, आणि ताकास तूर लागू दिली नाही. आणि ते ती भरलेली पेटी उचलून गावभर जिने चढत होते. आधी त्यांना संताप आला. मग त्यांनी पाना मागितला, एक गुडघा टेकला, पाठ ताठ ठेवली आणि वॉल्व्ह असा आवळला की पाणी गपगार झालं.

जोड आणि नळ नीट बसवून निघताना मात्र पेटी हलेना. येताना सहज आलेली पेटी, आत काय आहे ते कळल्यावर शिशाची झाली. कपाळावर घाम आला. 'जाऊ दे, इथेच ठेवू,' असंही मनात आलं. मग पाय फाकवून, गुडघ्यात वाकून त्यांनी ती छातीशी घेतली, श्वास सोडला आणि उठले. काही दुखलं नाही. जिना उतरताना ते शीळ घालत होते.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. उस्तादांनी पेटी तिच्यासमोर ठेवली.

"पेटी फार जड आहे."

"कधीपासून?" तिने मान वर केली नाही.

उस्तादांनी मिशीवरून बोट फिरवलं. "आजपासून," ते म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. "तुझ्या भावाला सांग, मी काही येत नाही म्हणावं."

"ते मी कालच सांगितलंय," ती म्हणाली.