भुजंगच्या बत्तीस कुस्त्या

भुजंग पैलवान बत्तीस कुस्त्या लढला आणि एकही हरला नाही, हे चारठाण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या बत्तीस कुस्त्या कशा जमवल्या हे मात्र आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं त्याचा गुरू चंद्रभान वस्ताद समजून चालला होता. ठाऊक असूनही माणूस दोन्ही वेळा पोटभर जेवत होता. मनाला एकदा कातडं आलं की काय, काहीही पचतं!

पण त्या चैत्रात हैदराबादेहून पत्र आलं आणि वस्तादाचा घास घशात अडकला.

पत्र दस्तगीर पैलवानाचं होतं. निजामाच्या राज्यात त्या वक्ताला त्याच्या तोडीचा गडी शोधून सापडत नव्हता. माणूस मोठा अदबीचा, पण अंगानं एवढा अवजड की मागच्या साली बिदरकडच्या एका पैलवानाचा खांदा त्याच्या नुसत्या वजनाखाली निखळला होता. चारठाण्याच्या जत्रेतली शेवटची कुस्ती आपण लढू, असं त्यानं उर्दूत कळवलं होतं. खाली एक ओळ जास्तीची होती. किशनराव पोलीस पाटलांनी ती चावडीत मोठ्यानं वाचली आणि मराठीत सांगितली, "तुमचा गडी किती कुस्त्या जिंकला ते नका कळवू म्हणतोय. कोणासंगं लढला ते कळवा."

"त्यात काय कळवायचं?" पाटील पत्राची घडी करत म्हणाले. "आपला भुजंग हाय की. बत्तीस लढला, बत्तीस मारल्या."

"बत्तीस खरं पाटील, पण कोणासंगं?" बन्सीधर म्हणाला. बन्सीधर कापडाचा व्यापारी. जत्रा जत्रा पालं ठोकून फिरायचा, त्यामुळं जिल्ह्यातली झाडून सगळी कुस्ती त्यानं डोळ्यांनी पाहिलेली. "चुडाव्याचा वीरुपाक्ष अठराच लढला. त्यातल्या पाच हारला. पण हारला कोणाकडून? नांदेडच्या उस्तादाकडून, गुलबर्ग्याच्या गड्याकडून. आगगाडीत बसून लोकांच्या घरीबी जाऊन हारला. आन् भुजंगनं मारले ते कोण? नावं तर सांगा."

पाटलांनी वस्तादाकडं पाहिलं. दहा वर्षं जत्रेत जोडी लावायचं काम चंद्रभानचंच होतं. पैलवान आखाड्याला चक्कर मारत, वस्ताद त्यांचे खांदे-माना चाचपून बघे, दोघांचे हात धरून वर करी, की हलगी कडाडे. त्यानं लावलेली जोड कुणी मोडत नसे.

वस्ताद एकेक नाव सांगू लागला. मानवतचा गडी, सेलूचा गडी, वसमतचा तो उंच पोरगा. नाव तोंडातून निघे आणि त्याच्या डोळ्यांपुढं त्या गड्याच्या जागी ताट उभं राही.

कारण त्याची रीतच तशी होती. पाहुणा पैलवान ताकदीचा दिसला की जत्रेच्या दुपारी वस्ताद त्याला घरी जेवायला नेई. कस्तुराबाई बिचारी भाबडी, नवऱ्याचं मोठं मन बघून हरखून जाई. पुरणाच्या पोळ्या, वर तुपाची धार, आणि "आमच्या घरचं तुमाला गोड लागंना व्हय?" असा आग्रह. यजमानाच्या ताटाला नाही म्हणणारा मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे. सहा पोळ्या पोटात घालून उन्हात उतरलेला गडी घटकाभरात धापा टाकी आणि भुजंग त्याला चीत करी. जेवायला येणं जमलंच नाही, तर त्याला आधी दुसऱ्या कुणाशी लावायचं, दमवायचं, मग भुजंगपुढं उभं करायचं. जिंकलेल्या गड्याला भर आखाड्यात 'दमलो' म्हणायची लाज वाटते, हे वस्ताद ओळखून होता.

आणि वीरुपाक्ष? चुडाव्याच्या सांबप्पा वाण्याचा हा पोरगा भुजंगला भारी पडेल, हे वस्तादानं पहिल्याच साली ओळखलं होतं. म्हणून जत्रेत आलेला सगळ्यात दांडगा पाहुणा त्याच्याच गळ्यात बांधायचा. खचेल आणि यायचा बंद होईल, हा हिशेब. तो खचला नाही. दरसाल परत आला, आणि दरसाल मागच्यापेक्षा भारी होऊन आला.

भुजंगची आई धुरपताबाई विधवा. पोराला तालमीत घालताना ती म्हणाली होती, "वस्ताद, एकुलतं एक हाय. मोडून आणू नका." एवढंच. मन कधी टोचायला लागलं की वस्ताद तिचा शब्द पुढं करी आणि मन गप्प बसे. पण खरं काय ते आतल्या आत त्याला माहीत होतं. धुरपताबाईनं हाडं सांभाळायला सांगितली होती, खोटं नाव मिळवायला नव्हतं सांगितलं. 'बत्तीस कुस्त्यांच्या तालमीचे वस्ताद' म्हणून लोक त्याला रामराम घालत, त्या रामरामाची त्याला चटक लागली होती.

"थांबला कामून वस्ताद?" बन्सीधर म्हणाला. "अजून वीस राह्यले."

चावडीच्या दारापाशी भुजंग बसला होता. एकतीस वर्षांचा, घोटीव अंगाचा, मान खाली. वस्तादाला त्याचा उजवा खांदा दिसला आणि बिदरकडचा तो निखळलेला खांदा आठवला. आणखी दहा दिवसांनी ह्याच खांद्यावर दस्तगीर वजन टाकणार. त्याला कुणाच्या घरी जेवायला नेता येत नाही, तो स्वतःचा आचारी घेऊन फिरतो.

वस्ताद उठून उभा राहिला.

"पाटील, भुजंगला लावू नका. त्याच्या जोडी मी खोट्या लावल्या." आणि त्यानं सगळं सांगितलं. पोळ्यांचं सांगितलं तेव्हा दोघं-तिघं फिस्सकन हसले. दमवलेल्या गड्यांचं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. वीरुपाक्षाचं सांगितलं तेव्हा पाटलांनी तोंड फिरवलं.

"गावाच्या नावानं हे केलं व्हय चंद्रभान?" पाटील हळूच म्हणाले. आजवर त्यांनी त्याला वस्ताद सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

शेवटची कुस्ती वीरुपाक्ष लढेल, असं तिथल्या तिथं ठरलं. लोक पांगले. भुजंग कधी उठून गेला ते कुणाला कळलं नाही.

तो तालमीत होता. खोऱ्यानं आखाड्याची माती उकरत होता, रोज उकरायचा तशीच. वस्ताद उंबऱ्यात उभा राहिला. आत जायचा धीर होईना.

"भुजंगा, शिव्या दे. मार मला. पण बोल."

भुजंगनं खोरं टेकवलं. "मला ठावं होतं, वस्ताद."

"काय?"

"हाताला हात लागला की कळतंय वो. गड्याचा दम कुठं हाय, जोर कुठं हाय. तिसऱ्याच कुस्तीला कळलं."

"मग बोलला कामून न्हाईस रं?"

"मला वाटलं, वस्ताद तयारी करून घ्यायलेत. एक दिवस खरा गडी देतील." त्यानं घाम पुसला. "दरसाल वाट बगितली. मला वाटायचं, ह्या जत्रंला देतील."

वस्ताद म्हणाला, "तुझ्या मायनं सांगितलं होतं..." एवढं बोलून त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो थांबला.

"वीरुपाक्ष पाच कुस्त्या हारला," भुजंग म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "दर हारीतून कायतरी शिकून आला. मी बत्तीस जिंकलो, मला काय आलं? आज मला त्याच्यासंगंबी उभं राहता येत न्हाई. आता एकतिसाव्या वर्सी कोणाकडून हारू आन् कवा शिकू? तुमी माझे हारायचे दिवस खाल्ले, वस्ताद."

त्यानं खोरं भिंतीला लावलं, अंगावर सदरा चढवला आणि घरी निघण्याआधी रोज पडायचा तसा वाकून वस्तादाच्या पाया पडला. आशीर्वादासाठी क्षणभर वाकलेलाच राहिला. वस्तादाचा हात वर उचलला गेला, पण त्याच्या डोक्यावर ठेवायची हिंमत झाली नाही.