बिनआवाजाची हळद

पुण्यात शनिवारची रात्र हॉस्टेलच्या फाटकावर ठरते. आमचं फाटक साडेनऊला बंद होतं आणि सकाळी सहाला उघडतं, म्हणून मुलींपुढे दोनच वाटा. वेळेत येऊन गादीवर लोळायचं, नाहीतर उजाडेपर्यंत बाहेर. अधलंमधलं काही नाही. वॉर्डनबाईंना वाटतं की त्यांनी आम्हाला शिस्त लावली. खरं तर रात्र काढायची सवय आम्हाला त्यांच्याच कुलपाने लावली.

मी कल्पिता, उरणकडची, आगऱ्याची पोर, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या गावात नाचायला तिकीट लागत नाही. कुणाची हळद असली की झालं. त्यामुळे पुण्यातल्या क्लबात पहिल्यांदा गेले तेव्हा मला हसूच आलं. दारात मनगटावर शिक्का मारतात, आत काळोख आणि गारवा, आणि लोक नाचतात कसे, तर हातातला ग्लास सांडणार नाही इतकेच. आमच्याकडे असं नाचणाऱ्याला बाजूला घेऊन विचारतात, जेवलास का रे म्हणून.

पण बाणेरच्या एका गच्चीवरची पार्टी मात्र माझ्या मनात बसली. तिथे रात्री स्पीकर बंद करून प्रत्येकाला हेडफोन देतात. कानांवरच्या वाट्यांवर दिवा असतो. हिंदी गाणी लावली की लाल, इंग्रजी लावली की निळा, मराठी लावली की हिरवा. बटण दाबून ज्याने त्याने आपलं गाणं निवडायचं. माझ्या वर्गातला वरद शनिवारी तिथे हेडफोन वाटायचं काम करतो. सडपातळ, चष्मेवाला, सगळ्यांशी अहो-जाहो बोलणारा. त्याने पहिल्यांदा माझ्या हातात हेडफोन ठेवला तेव्हा मी तो थोडा वेळ लावला आणि मग काढून टाकला.

काढल्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. गच्चीवर शंभरेक माणसं नाचत होती आणि आवाज कसलाच नव्हता. बुटांची घसट, एखाद्याचं बेसूर गुणगुणणं, खाली रस्त्यावर रिक्षा. काळोखात लाल, निळे, हिरवे ठिपके पाण्यावर असावेत तसे हलत होते. माणसं हसत होती, ओठ हलत होते, आणि मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मी कठड्याला टेकून तशीच उभी राहिले. मनात आलं, दादाला जग असंच दिसत असणार. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ परेश. नवव्या वर्षी त्याला ताप आला, ताप उतरला आणि कान गेले. पूर्ण गेले. बोलणं शिल्लक राहिलं, तेही एकाच पट्टीतलं, कारण आपला आवाज वर गेला की खाली हे त्याला समजत नाही. तो कंटेनर यार्डात वेल्डिंग करतो. ओठ बघून निम्मं ओळखतो आणि निम्मं हसण्यावारी नेतो. आणि आमच्या गावात त्याच्याइतकं सुंदर कुणी नाचत नाही. मी बहीण आहे म्हणून सांगत नाही, विचारा कुणालाही. हळदीत परेश उतरला की बायका ताटं बाजूला ठेवून बघायला येतात. ऐकू येत नसताना त्याला ठेका कसा सापडतो, याचं उत्तर आम्ही आमच्यापुरतं शोधून ठेवलं होतं. दुसऱ्यांचे पाय बघून नाचतो, म्हणायचो.

या वैशाखात त्याचं लग्न ठरलं. प्रणाली आमच्या खाडीपलीकडची, सगळं समजून उमजून हो म्हणालेली. घरात आनंद होता, पण बाबांच्या तोंडावर चिंता. आदल्या वर्षी गावातल्या एका हळदीत दहाच्या ठोक्याला पोलीस आले, साउंड बंद केला आणि मशीन गाडीत घालून नेलं. वऱ्हाडी भात खाऊन घरी गेले. त्या बिचाऱ्या नवऱ्याला अजून ‘दहाची हळद’ म्हणतात. बाबा सगळं सहन करतील, पण हे नाही.

दादाने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. कपडे आईने निवडले, पत्रिका बाबांनी. फक्त एक गोष्ट तो मला फोनच्या पडद्यावर तोंड दाखवून म्हणाला होता.

“माजे हलदीला उजारेपर्यंत नाचायचा.”

दुसऱ्यांच्या हळदीत तो वीस वर्षं नाचला होता. आता स्वतःची एकच मिळणार होती.

मी म्हटलं, तू बघच. मला गच्ची आठवली होती. बिनआवाजाची हळद. पोलीस आले तरी काय जप्त करणार? आणि त्याहून मोठा हिशोब माझ्या मनात होता. त्या रात्री सगळा गाव दादाच्या जगात येईल. कुणालाच काही ऐकू येत नाही अशा मांडवात त्याला काय कमी पडणार? या विचाराने मी इतकी खूश झाले की दोन दिवस हॉस्टेलभर सांगत फिरले. वरदला विचारलं, तो पोती भरून हेडफोन घेऊन यायला तयार झाला. भाडं घेणार नाही म्हणाला, फक्त मासे खाऊ घाला. दादाला मी एवढंच सांगितलं की दहानंतरही नाच चालू राहील. त्याने अंगठा दाखवला.

हळदीच्या संध्याकाळी मिठागरांवरून वारा येत होता. मांडवाच्या एका बाजूला नवऱ्यासाठी स्टेज, लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून केलेलं, वर लाल गालिचा आणि सोफा. दहापर्यंत साउंड लावायला हरकत नव्हती, आणि आमच्याकडचा साउंड म्हणजे शेजारच्या गावातली भांडी फळीवरून खाली येतात. दादाला हळद लागली, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झाला, आणि मग तो उतरला. अनवाणी. वरद हातातलं बोंबलाचं ताट विसरून बघत राहिला. मला म्हणाला की पुण्यात असं नाचणारा एकही माणूस त्याने पाहिलेला नाही. मी म्हटलं, बघ आणि लक्षात ठेव.

दहाला साउंड बंद झाला. वरद सगळ्यांना अहो काका, अहो मावशी करत हेडफोन वाटत फिरला. म्हाताऱ्यांनी ते पदरावरून लावले. एका काकांनी गळ्यात घातले, आणि काही येत नाही म्हणून तक्रार केली. मग कुणीतरी बटण दाबलं, आणि एकेक दिवा लागत गेला.

मी हेडफोन न लावता उभी राहिले. मला ते ऐकायचं नव्हतं, बघायचं होतं. पिवळे हात, पिवळे गाल, नऊवारीचे काठ, आणि सगळ्यांच्या कानांशी लाल, निळा, हिरवा उजेड. मांडवावरच्या उंबराच्या फांदीची पानं हललेली ऐकू येत होती. दूर बंदरावर क्रेनचे दिवे पेटलेले होते आणि खाली मिठाचे ढीग चांदण्यात पांढरे पडले होते. माझी आजी तोंडाने काहीतरी म्हणत स्वतःभोवती हळूहळू फिरत होती. आपण झोपेत आहोत आणि सगळा गाव आपल्या स्वप्नात पाहुणा आलाय, असं मला वाटलं. किती सुंदर होतं ते, अजूनही सांगता येत नाही.

मग मला दादा दिसला. तो मांडवाच्या मधोमध उभा होता. नाचत नव्हता. एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते परक्या गावच्या लग्नात गेलेल्या माणसाचं असतं तसं. लाल दिव्यांचे पाय वेगळे पडत होते, निळ्यांचे वेगळे, हिरव्यांचे वेगळे. थोडा वेळ त्याने एक पाय उचलून बघितला, ठेवला, आणि लोकांना वाट देत देत स्टेजवर जाऊन फळ्यांच्या कडेला बसला. त्याला कुणी हेडफोनही दिला नव्हता. बहिऱ्याला कशाला, असा सरळ विचार सगळ्यांनी केला असणार.

मी धावत जाऊन त्याच्यापुढे बसले, त्याला माझे ओठ दिसावेत म्हणून. दमलास का, विचारलं. त्याने मान हलवली.

“गाना बंद झाला,” तो म्हणाला. “मंग यी सगली कशाला नाचतान?”

“बंद नाय झाला, दादा. चालू हाय. सगल्यांचे कानान हाय.”

त्याने पुन्हा सगळ्यांकडे नजर फिरवली. एकेकाच्या कानावरचा दिवा बघितला. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने त्याने विचारलं.

“मंग माजे पायान कवा येल?”

म्हणजे तो कधीच कुणाचे पाय बघून नाचला नव्हता. तो धडधडाट, ज्याला पुण्यातले लोक कानठळ्या म्हणतात आणि कायदा प्रदूषण म्हणतो, तो जमिनीतून त्याच्या तळव्यांत येत होता. वीस वर्षं येत होता. आमच्याकडे गाणी हजार होती आणि त्याच्याकडे तेवढं एकच, आणि तेच मी त्याच्या हळदीत, मोठ्या हौसेने, पुण्याहून माणूस आणून बंद केलं होतं. आधी का सांगितलं नाहीस, म्हणून त्याला विचारणार होते. कुणी विचारलं होतं का त्याला? मी सुद्धा नाही. आणि तो माणूस रागावला पण नाही. माझ्याच खांद्यावर थोपटत होता, पोरीने एवढा खटाटोप केलाय म्हणून.

मला रडू आवरेना. मी तशीच त्याच्या शेजारी बसले. आमच्या मागे स्टेजवर गोदूआत्या एकटीच नाचत होती. गोदूआत्या म्हणजे वजनदार बाई, सगळ्या अर्थांनी. हेडफोनवर हिरवा दिवा, डोळे मिटलेले, आणि पाय असे आपटत होती की सोफा सरकत होता. फळी माझ्याखाली दणकत होती. आणि मी खाली बघितलं तर दादाच्या पायाची बोटं हलत होती. नेमकी. आत्याच्या पावलाबरोबर वर, पावलाबरोबर खाली. त्याच्या तळहाताखाली फळी होती आणि हे कुठून येतंय म्हणून तो आत्याकडे मान वळवून बघत होता.

मी उठले. आधी वरदला पकडलं आणि सगळ्यांना हिरव्यावर आण म्हणून सांगितलं. तो लाल करू का विचारत होता, कारण लालवाले जास्त होते. मी त्याला असा काही शब्द वापरला की तो सरळ बटणं दाबत सुटला. मग मीच मांडवात शिरले. काका, मामा, शाळेतल्या मैत्रिणी, आई, ज्याच्या कानाला हात पोचेल त्याचं बटण दाबत आणि दंडाला धरून त्याला स्टेजकडे ढकलत निघाले. लोकांना वाटलं पोरीला चढली. बाबांना मात्र मी कानावरची वाटी उचलून खरं सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि सगळ्यांच्या आधी फळीवर चढले.

मांडववाला सदा धावत आला. हे स्टेज नवऱ्याला बसायला असतं, गावाला नाचायला नाही, मोडलं तर कोण बघणार, असं त्याचं म्हणणं होतं. आईने त्याच्या कानांवर हेडफोन चढवला आणि त्यालाही वर ओढलं.

लाल दिवे विझून हिरवे होत होते. निळे हिरवे होत होते. सोफा खाली गेला, गालिचा गुंडाळला गेला, आणि उघड्या फळ्यांवर जेवढी माणसं मावतील तेवढी उभी राहिली. बाकीची खाली दाटीवाटीने स्टेजच्या घोड्यांना लागून. सुरुवातीला पावलं विस्कळीत पडली. मग गोदूआत्या पुढे झाली, आणि तिच्यामागे सगळा गाव पडला. एकच पाऊल. दाण. पुन्हा दाण. पायांचा आवाज किती वाजेपर्यंत करावा हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. तिसरं वर्ष संपत आलंय माझं, मला माहीत आहे.

दादा उभा राहिला. त्याने आधी खात्री करून घेतली, विहिरीत उतरण्याआधी पाणी बघतात तशी. उजवा पाय टेकवला, मग डावा. त्याचे खांदे सैल झाले, मान मागे गेली, आणि तो नाचायला लागला. बाबा त्याच्यासमोर, दोघेही पिवळे, बाबा आपलं वय विसरलेले. आई तोंडाला पदर लावून रडत होती आणि पाय आपटत होती. वरद चष्मा सांभाळत आपटत होता. कुणीही फारसं चांगलं नाचत नव्हतं, सगळे फक्त जोरात पाय टाकत होते, त्याच्यासाठी. मी माझ्या गावाला आयुष्यभर नावं ठेवली आहेत, पुढेही ठेवीन. त्या रात्री मात्र एकेकाच्या पाया पडावंसं वाटलं.

मी कडेला उभी राहून बघत होते, तेवढ्यात दादाने मला मधे ओढलं. काहीतरी सांगायचं होतं त्याला. तोंड उघडलं, मग राहू दे असं हाताने केलं. माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी चपला काढल्या. त्याने हळदीचे दोन्ही तळहात माझ्या कानांवर ठेवले आणि घट्ट दाबले.

सगळं गेलं. लोकांचा श्वास, फळ्यांचं करकरणं, वारा, काहीच उरलं नाही. त्याचे डोळे माझ्याकडे बघत थांबले होते. मग टाचांतून काहीतरी वर आलं, पोटऱ्यांत भरलं, गुडघे ओलांडून छातीपर्यंत पोचलं, आणि दादाने भुवया उंचावून विचारलं, आलं का?

मी मान हलवली. त्याने कानांवरचे हात काढले नाहीत. आम्ही तसेच नाचत राहिलो.